अल्बममधला मानपान

लग्नघरी कामं वाटून दिली जातात. कोणी मांडवाचं पाहतो, कोणी आचाऱ्याच्या मागं, कोणी टँकरच्या मागं. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात मी लोकांचे सात-बारे आणि पीक विम्याचे फॉर्म ऑनलाइन काढून देतो, म्हणून पुतणीच्या लग्नात माझ्या वाट्याला फोटो आले. मांडव उतरला, टँकरवाल्याचे पैसे फिटले, आचारी पुढच्या लग्नाला गेला. फोटो मात्र अजून चालू आहेत.

फोटोवाल्यानं पेन ड्राइव्ह दिला, त्यात नुसते फोटोच 12 जीबी. गुगलवर फुकटची जागा 15 जीबी, आणि तीही जीमेल, ड्राइव्ह, फोटो अशा तिघांत. त्यांची चूल एकच. 1 जून 2021च्या आधी थोडे दाबून चढवलेले फोटो त्या हिशेबात धरतच नव्हते. पण तेव्हा पुतणी बारावीत होती. जागा फुकट मिळते म्हणून पोरीचं लग्न उरकून टाका, असं दादाला कोणत्या तोंडानं सांगणार?

आमच्याकडे नेट मिळतं ते स्लॅबवर, पाण्याच्या टाकीच्या अंगाला. रोजचा डाटा दीड जीबी, तो रात्री बाराला नवा होतो. म्हणजे 12 जीबी चढवायला आठ दिवसांचा डाटा, तोही बाकी काहीच न पाहता. त्यात लाईन गेली की थोड्या वेळानं टावरही मान टाकतो. वहिनी खालून विचारायची, "भाऊजी, एवढ्या राती वर काय करून रायले जी?" फोटो चढवतो म्हटलं की ती जिन्याकडे बघायची आणि काही न बोलता आत जायची.

तोवर सोयऱ्यांना दम कुठला! "व्हाट्सअपवर टाक ना बापा, एवढं काय त्यात?" व्हाट्सअप फोटो दाबून बारीक करतं. त्यात नवरीच्या शालूची जर जाते आणि खर्च करणाऱ्याचा जीव जातो. मूळ फोटो जसाच्या तसा पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो. तसे पाठवले, तर तासाभरात काकाजींचा फोन. "हे कायचे कागद पाठवले रे? सोसायटीचं काही निघालं का?" थकबाकीच्या भीतीनं त्यांनी एकही उघडला नव्हता.

उलट, लोकांनी आपापल्या मोबाइलमधून काढलेले फोटो मला व्हाट्सअपवरूनच आले. त्या वाटेनं येताना फोटोची मूळ तारीख गळून पडते. मग जो ज्या दिवशी हाती आला, त्या दिवसाचा होऊन बसतो. आमच्या अल्बममध्ये आधी पोरगी रडत सासरी गेली, मग पंगत उठली, मग हळद लागली आणि सगळ्यात शेवटी साक्षगंध झालं. सोयरीक मोडून पुन्हा जुळली का काय, असं एका आत्यानं खरंच विचारलं.

गुगल फोटोत चेहरे ओळखून गट पाडायची सोय आहे, ती मला सगळ्यात आवडते. हळद माखलेली पुतणी आणि मांडवातली पुतणी ह्या दोन वेगळ्या बाया आहेत, असं तिचं ठाम मत. याउलट नवरीचे मामा आणि बँडमास्तर हा एकच माणूस. मिशा पाहिल्या तर तिचंही चुकलं असं म्हणवत नाही.

शेवटी सगळ्यांना अल्बमची लिंक दिली. लिंक असलेल्या कोणालाही त्यात फोटो टाकता येतील अशी मुभा ठेवली, कारण अक्षता पडतानाचे चांगले फोटो आमच्या भाटव्यांच्या, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याच्या, मोबाइलात होते. त्यांनी ते टाकले. पाठोपाठ कपाशीच्या बोंडातली गुलाबी अळी टाकली, विकायला काढलेली बैलजोडी टाकली आणि रोज सकाळी गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ. त्यांना अल्बममधून काढावं, तर माणूस काढला की त्यानं टाकलेले फोटोही निघून जातात. अळीसोबत अक्षताही गेल्या असत्या. शिवाय जवायाला काढल्याचं गावभर झालं असतं, ते वेगळंच. लग्नात टोपी-टॉवेल राहिला म्हणून रुसलेला माणूस दोन दिवसांत मानतो. अल्बममधून काढलेल्याचं काय होतं, याचा आमच्या घराण्याला अनुभव नाही. अळी मी हातानं वेचून काढली. बैलजोडी मात्र राहू दिली. जोडी खरंच देखणी आहे.

मग 15 जीबी भरले, आणि चूल एकच असल्यामुळं जीमेलही बंद पडलं. लोकांचे कागद येईनात, पीक विम्याची तारीख तोंडावर. जागा वाढवायची तर दर महिन्याला पैसे मोजायचे. रक्कम फार नाही, पण कोणी द्यायची? दादानं ओसरीवर सगळ्यांना बसवलं आणि घरटी वर्गणी काढू म्हणाला.

भाटव्यांनी चष्मा लावला. "माहे फोटू किती हायेत त्यात?"

मी त्यांच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. 19 निघाले. त्यातल्या 11 फोटोंत ते जेवत होते.

"19 फोटूचे मी काहून देऊ? मामाजीचे किती हायेत ते पाहा ना."

मामाजींचे 140 निघाले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "त्यातला अर्धा बँडवाला हाये," ते म्हणाले, "त्याले मांगा."