इन्सुलिनची सिरिंज 'कुठलीही' चालत नाही

'मधुमेही मांजराला इन्सुलिन द्यायला कुठलीही सिरिंज चालते, युनिट मोजले की झालं' असा मेसेज फिरतोय. कृपया तसं करू नका. यू-४० इन्सुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, यू-१०० मध्ये १००; सिरिंजवरच्या रेघाही त्या-त्या इन्सुलिनच्या हिशोबानेच आखलेल्या असतात. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये २ च्या रेघेपर्यंत भरलं, की प्रत्यक्षात ५ युनिट टोचले जातात! साखर एकदम उतरते, मांजर झोकांड्या खातं, झटकेही येऊ शकतात. अशा वेळी हिरड्यांना थोडा मध चोळा आणि तडक डॉक्टर गाठा. उलट अदलाबदल झाली तर डोस निम्म्याहूनही कमी पडतो, साखर चढीच राहते. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतोय ना, हे दर वेळी उजेडात धरून बघा.