रिमा लागूला आईच का केलं, हा प्रश्न अर्धाच आहे

पस्तिशीतल्या कुठल्या नटीला जवळपास तिच्याच वयाच्या हिरोची आई केलं की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच वाद परत सुरू होतो, आणि दहा मेसेज व्हायच्या आत कोणीतरी रिमा लागूचं नाव काढतंच. बघा, सलमानपेक्षा जेमतेम सात वर्षांनी मोठी आणि त्याची आई झाली. मग दुसरा म्हणतो की मराठी बायकांना हिंदीत आई नाहीतर मोलकरीण, तिसरं काही देतच नाहीत. मग तिसरा, तिला कोणी जबरदस्ती केली होती का. आणि पुढे भांडण. मी इथे इंग्लंडात, लीड्समध्ये बसून हे सगळं वाचते, पूर्ण वाचते, कारण रिमा माझी अतिशय आवडती नटी आहे, आणि दरवेळी वाटतं की हे लोक तिच्याच बाजूने भांडतायत पण तिच्याबद्दल बोलतच नाहीयेत.

आकडे खरे आहेत, त्यात वाद नाही. रिमाचा जन्म 1958 चा, सलमानचा 1965 चा, आणि 1989 ला 'मैंने प्यार किया'मध्ये ती त्याची आई. 1993 च्या 'गुमराह'मध्ये श्रीदेवीची आई, श्रीदेवी तिच्याहून पाच वर्षांनी लहान. 1999 च्या 'वास्तव'मध्ये तर संजय दत्तची आई, आणि दोघांच्या वयात अंतर एका वर्षाचं! राग यायलाच पाहिजे. पण हे फक्त आपल्याकडेच होतं असं जे ठासून लिहिलं जातं ते काही खरं नाही. हॉलिवूडची सॅली फील्ड बघा, 1988 ला एका सिनेमात टॉम हँक्स तिच्या प्रेमात पडलेला असतो आणि सहाच वर्षांनी 'फॉरेस्ट गंप'मध्ये ती त्याची आई, तो तिच्याहून फक्त दहा वर्षांनी लहान. म्हणजे हिरो तिथेच राहतो आणि बाई एक पिढी पुढे ढकलली जाते, हे सगळीकडचं दुखणं आहे. फरक पडतो तो त्यानंतर त्या बाईसाठी काय लिहिलं जातं याने, आणि ग्रुपवर त्यावर कोणी बोलत नाही.

मला विचाराल तर रिमाचं करियर समजून घ्यायला 1994 च्या आसपासची दोनतीन वर्षं पुरेशी आहेत. 'हम आपके हैं कौन' आला, त्यात ती माधुरीची आई, गोड, हसतमुख, समधीबरोबर थट्टामस्करी करणारी, छानच केलीय. पण त्याच सुमाराला दूरदर्शनवर 'श्रीमान श्रीमती' चालू होती आणि त्यात ती कोकी कुलकर्णी. नवरा केकू, म्हणजे आपला जतिन कनकिया, शेजारच्या फिल्मस्टार प्रेमा शालिनीवर लट्टू, आणि त्या प्रेमाचा नवरा दिलरुबा ह्या कोकीवर लट्टू. म्हणजे थिएटरात जी बाई नवरीची आई म्हणून बसलीय तिच्याच मागे टीव्हीवर शेजारी लागलाय, आणि दोन्ही आपण एकाच वेळी बघत होतो आणि दोन्ही आपल्याला पटत होतं!! आणि त्याच काळात सुरू झालेली 'तू तू मैं मैं', सचिन पिळगांवकरची, तिथे ती सासू देवकी आणि सुप्रिया सून राधा. रिमा तेव्हा छत्तीस वर्षांची होती, सुप्रियाहून नऊ वर्षांनी मोठी, तरी सासू म्हणून एक क्षण खोटी वाटली नाही कारण ती म्हातारीची नक्कल करत नव्हती, ती घरातला हक्क सोडायला तयार नसलेली एक बाई करत होती. तिचं ते वाक्य अर्ध्यावर तोडून सुनेकडे बघणं, मग आवाज एकदम खाली आणून टोमणा मारणं... कॉमेडीचं टायमिंग म्हणजे काय ते तिथे बघावं. तिच्या गंभीर भूमिकांची आठवण सगळे काढतात पण तिने वीस-बावीस मिनिटांच्या एपिसोडमध्ये जे केलंय त्याला आपण अजून नीट मान दिलेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हे सगळं आलं कुठून, तर नाटकातून. आई मंदाकिनी भडभडे स्वतः रंगभूमीवरची नटी, रिमा म्हणजे माहेरची नयन भडभडे, पुण्यात हुजूरपागेत शिकलेली. युनियन बँकेत कित्येक वर्षं नोकरी करत करत तिने नाटकं केली. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मध्ये समोर नाना पाटेकरचा गुलाबराव आणि ही अंबिका, बलात्कारानंतर मोडून न पडता शेवटी स्वतःच न्याय करणारी. 1985 च्या 'सविता दामोदर परांजपे'मध्ये तर एकाच अंगात दोन बायका, संसारी कुसुम आणि तिच्या अंगात येणारी सविता. सत्तावीस वर्षांची होती तेव्हा. हे सगळं करून झाल्यावर ती हिंदीत आई करायला गेली, आणि तिथे तिला मिळाल्या ट्रे घेऊन येणाऱ्या आणि दारात उभं राहून डोळे पुसणाऱ्या आया. 'हिंदीची लाडकी आई' हा शिक्का आपणच कौतुकाने मारतो आणि अंबिका कोणाला आठवतसुद्धा नाही. फिल्मफेअरला सहायक अभिनेत्री म्हणून चारदा नॉमिनेशन, एकदाही मिळालं नाही.

जिथे आई नीट लिहिलेली होती तिथे काय झालं ते 'वास्तव'मध्ये दिसतं. तिथली शांता ही चाळीतली बाई आहे, मुलगा गँगस्टर झाला हे तिला कळतं, त्याचे पैसे घरात येतात, तिला ते नकोही असतात आणि मुलगा तर हवाच असतो, आणि शेवटी ती स्वतःच्या हाताने त्याला गोळी घालते. तो शेवट संजय दत्तइतकाच तिचा आहे. एका वर्षाने लहान असलेल्या माणसाची आई, पण त्या सिनेमात ते वय कोणाच्या मनात येत नाही कारण तिला करायला काहीतरी दिलेलं आहे.

आता इथलं सांगते. इकडे सारा लँकशर नावाची नटी आहे. 1991 ते 1996 'कोरोनेशन स्ट्रीट'मध्ये होती, ही 1960 पासून अखंड चालू असलेली सिरियल, आणि त्यात ती रॅकेल नावाची पबमधली बारमेड, भोळी, लोकांची लाडकी. आपल्याकडे असं झालं असतं तर ती आयुष्यभर रॅकेलच राहिली असती. पण पुढे 2014 ला 'हॅपी व्हॅली' आली, आमच्या ह्याच वेस्ट यॉर्कशरमधली गोष्ट, आणि त्यात ती पोलीस सार्जंट, मेलेल्या मुलीचा मुलगा वाढवणारी आजी. होय, आजी! आणि आजी असूनच ती त्या मालिकेची हिरो, मारामारी तीच करते, चुकते तीच, रडते तीच, गुन्हेगाराच्या मागेही तीच लागते. तिसरी सीरिज, म्हणजे तिचा तिसरा सीझन, 2023 ला रविवारी रात्री लागायची आणि सोमवारी माझ्या ऑफिसात दुसरा विषय नसायचा, पंचविशीची पोरंसुद्धा त्या आजीबद्दल बोलायची. सारा तेव्हा 58 वर्षांची होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते लिहिणारी सॅली वेनराइट, तीसुद्धा आधी 'कोरोनेशन स्ट्रीट'च लिहायची. म्हणजे एकाच डेली-टाइप सिरियलमधून एक लेखिका आणि एक नटी मोठ्या झाल्या आणि पुढे एकीने दुसरीसाठी लिहिलं. तिन्ही सीरिज मिळून एपिसोड किती, तर अठरा. नऊ वर्षांत अठरा!

रिमा गेली तेव्हा तीही 58 चीच होती, 18 मे 2017. तेव्हा ती 'नामकरण' करत होती, स्टार प्लसवरची रोजची सिरियल, त्यात ती दुष्ट आजी दयावंती. आदल्या संध्याकाळपर्यंत शूटिंग करून घरी गेली होती. तिने ती दयावंतीसुद्धा मन लावून केली, पण रोजच्या सिरियलमध्ये एपिसोडची भूक इतकी असते की लेखकाला त्या आजीच्या आत काय आहे ते बघायला वेळच नसतो, डोळे वटारायचे आणि म्युझिक वाजवायचं. 2025 मध्ये दीपिका पदुकोणने आठ तासांचीच शिफ्ट मागितली त्यावरून आपल्याकडे केवढं रान उठलं, स्टारचे नखरे वगैरे, पण सिरियलमध्ये बारा-बारा तास काम करणाऱ्या पन्नाशी-साठीतल्या बायकांचं नाव त्या चर्चेत अगदी कमी आलं. माझ्या मते तो वाद त्यांच्यापासूनच सुरू व्हायला हवा होता.

इकडे सगळं आलबेल आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. बीबीसीनेच मिरियम ओरायली नावाच्या प्रेझेंटरला काढलं, ती पन्नाशी ओलांडलेली होती, आणि ती कोर्टात गेली, म्हणजे ट्रिब्युनलमध्ये, आणि 2011 ला वयावरून भेदभाव झाला हे तिने सिद्ध करून दाखवलं. म्हणजे बीबीसीलाही बाईचं वय खटकतं. फक्त इथे बाईला त्याविरुद्ध जायला कायद्यात एक दार आहे आणि ती त्यातून गेली हे सगळ्यांना दिसलं, त्यानंतर बोलणं थोडं बदलतं. आपल्याकडे नटीने तोंड उघडलं की पुढचं काम जातं आणि लोक म्हणतात हिला संधी मिळाली तेच खूप.

म्हणून ग्रुपवरच्या मंडळींना माझं म्हणणं एवढंच आहे की हिरो आणि आईच्या जन्मतारखांची वजाबाकी करून थांबू नका. निर्मात्याला विचारा की आईचा सीन किती पानांचा आहे, चॅनलला विचारा की पन्नाशीच्या बाईची वीस एपिसोडची स्वतंत्र मालिका का नाही, मराठीत तर नीना कुळकर्णींसारख्या नटी आज आहेत, उद्याची वाट कशाला बघायची. आणि मराठीत हे जमतं, 2013 च्या 'अनुमती'मध्ये विक्रम गोखलेंसमोर रिमा जुनी मैत्रीण म्हणून येते, कोणाची आई म्हणून नाही, आणि सिनेमा तेवढ्या वेळापुरता तिचा होतो.

रिमाची मुलगी मृण्मयी लेखिका आहे, 2020 चा 'थप्पड' तिने अनुभव सिन्हाबरोबर लिहिला. त्यात नायिकेची आई रत्ना पाठक शाह आहेत, संसारासाठी गाणं सोडून दिलेली बाई, आणि एका सीनमध्ये त्या ते नवऱ्याला तोंडावर सांगतात. हा रोल रिमाने कसा केला असता ह्याचा विचार मी तो सिनेमा बघताना सारखा करत होते.