पंत दवाखान्यात निघतात

आमच्या पंतांचं, म्हणजे आमच्या बोक्याचं, कॅरिअर (त्याला दवाखान्यात न्यायचा दाराचा डबा) वर्षभर हॉलच्या कोपऱ्यात उघडंच असतं. मांजराला त्याची सवय व्हावी, आत जुनी चादर घालावी, अधूनमधून खाऊ ठेवावा, म्हणजे आयत्या वेळी पळापळ होत नाही, असं जाणकार सांगतात. जाणकारांचं सगळं ऐकलं. पंत रोज दुपारी त्यात तंगड्या वर करून झोपतात. फक्त लसीचा दिवस सोडून.

त्या दिवशी काय कळतं कोण जाणे! मी नेहमीसारखीच गुणगुणत स्वयंपाकघरात फिरते, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. पण कपाटातून लसीकरणाची फाईल काढली रे काढली की पंत दिवाणाखाली. तेही अगदी मधोमध. कुठूनही हात घाला, चार बोटं कमीच पडणार. माणसाचे कान २०,००० हर्ट्‌झपाशी हात टेकतात, मांजराचे ६०,०००च्याही पुढे जातात म्हणे. 'पंत, बाहेर या ना, राजा' हे मात्र या एवढ्या मोठ्या पट्ट्यात कुठेच बसत नाही.

मग झाडू, टॉर्च आणि नवरा. झाडूने पंत निघाले, नवऱ्याने उचलले, मी कॅरिअरचं दार धरलं, आणि साडेचार किलोच्या त्या प्राण्याने चारी पाय चार दिशांना ताणून स्वतःचं टेबल करून घेतलं. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशा एकूण १८ नख्या. सगळ्या कामावर हजर.

"धरलंस का?"

"धरलंय!"

"अरे, कॅरिअर नाही, मांजर!"

मांजराच्या गळ्याजवळचं हाड बाकीच्या सांगाड्याला घट्ट जोडलेलं नसतं, म्हणून डोकं शिरलं की त्या फटीतून अख्खं मांजर जातं. हे शास्त्र कपाटामागच्या फटीला लागू आहे. कॅरिअरच्या दाराला नाही.

शेवटी उपयोगी पडला तो टॉवेल. पंतांची गुंडाळी केली, कॅरिअर उभं केलं आणि शेपटीकडून खाली सोडलं. पुढचं दिसत नसलं की विरोध कुठे करायचा हे कळत नाही (हे माणसांनाही लागू असावं). रस्ताभर मात्र रिक्षावाला आरशातून माझ्याकडे असा बघत होता, की मी कुणाचं तरी मूल पळवून नेतेय.

दवाखान्यात दार उघडलं, तर पंत बाहेर यायला तयार नाहीत. ज्या डब्यात शिरायचं नव्हतं तोच आता वडिलोपार्जित वाडा! डॉक्टरांनी निमूटपणे चाप काढून वरचं झाकणच उचललं. स्टेथोस्कोप लावला, तर घाबरलेले पंत जोरजोरात घुर्र घुर्र करू लागले. ठोके ऐकू येईनात. डॉक्टरांनी शेजारचा नळ सोडला, पंतांनी कान टवकारले, घुरघुर बंद. इंजेक्शन कधी दिलं ते मलाही कळलं नाही. झाकण लावायच्या आधीच पंत चादरीत तोंड खुपसून तयार.

"बघ, येतं की त्याला," नवरा म्हणाला. त्याच्या हातावर तेव्हा डेटॉल चरचरत होतं.

घरी आल्यावर आमची दुसरी मांजर, ठकी, धावत आली, पंतांच्या अंगाचा दवाखान्याचा वास घेतला आणि फिस्स करून थेट फ्रिजवर जाऊन बसली. तिची तारीख पुढच्या मंगळवारी आहे. फाईल मी आजच शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली.