ओव्हन साफ करूनही धूर आणि डाग: आपल्या तक्रारीला आमचे उत्तर

नमस्कार ताई,

आपला अभिप्राय आम्ही दोनदा वाचला, सोबतचे फोटोही पाहिले. तक्रार थोडक्यात अशी: ४० लिटरच्या ओटीजीच्या (ओव्हन-टोस्टर-ग्रिलच्या) सफाईचे १२०० रुपये घेतले, अडीच तास लावले, तरी आतले छत काळेच राहिले, दाराच्या काचेतले तपकिरी ओघळ तसेच राहिले, भिंतींवर पांढरट-राखाडी चट्टे उठले आणि दुसऱ्या दिवशी केक लावला तर धूर झाला. शेवटी आपण लिहिले आहे, ‘यापेक्षा घरीच सोडा-व्हिनेगर टाकून पुसलं असतं तर फुकटात झालं असतं.’

चट्टे आणि धूर ही आमची चूक आहे. काचेबद्दल काम सुरू करण्याआधीच सांगायला हवे होते, ते राहिले. छताचा काळेपणा मात्र आम्ही समजून-उमजून ठेवला आहे.

आधी चट्ट्यांचे, कारण खरे नुकसान तिथे झाले आहे. ओव्हनच्या आतल्या भिंती सगळ्या सारख्या नसतात. काहींना आतून काचेसारखा गुळगुळीत, चकचकीत मुलामा असतो, बहुतेक काळा किंवा करडा, कधी त्यावर पांढरे ठिपके. हा एनॅमल. त्यावर खाण्याच्या सोड्याचा लेप रात्रभर ठेवला तरी काही होत नाही. आपल्या ओटीजीसारख्या अनेक ओटीजींमध्ये मात्र चंदेरी पत्रा असतो, म्हणजे पोलादावर ॲल्युमिनियमचा पातळ थर. ॲल्युमिनियमचे पातेले सोड्याच्या पाण्यात उकळले की काळवंडते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. इथेही तेच झाले. आमच्या माणसाने एनॅमलच्या ओव्हनची पद्धत वापरली आणि कोमट ओव्हनमध्ये जाड लेप दीड तास ठेवला. या पत्र्याला वीस मिनिटे पुरे होती.

सगळेच चट्टे कायमचे नसतील. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, फडके बुडवून घट्ट पिळा आणि एका चट्ट्यावर अर्धा मिनिट फिरवा. निघाला तर तो वाळलेल्या सोड्याचा थर होता, बाकीचेही तसेच पुसून लगेच साध्या पाण्याच्या फडक्याने पुसा. निघाला नाही तर पत्र्याची चकाकी तिथे गेली आहे, ती परत येत नाही. भाजण्यावर त्याचा परिणाम होत नाही. पण ती चकाकी परत आणण्यासाठी पितळ-तांब्याची पावडर किंवा तारेची घासणी कृपा करून लावू नका. उरलेला थर निघून खालचे लोखंड उघडे पडते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

आता धूर. सफाईत मऊ झालेले तेल आणि भांड्यांचा साबण खालच्या कोपऱ्यांत, तापणाऱ्या रॉडच्या टोकांशी आणि दाराच्या फटीत साचून राहतो. तो फडके स्वच्छ निघेपर्यंत चार-पाच वेळा पुसावा लागतो. त्यानंतर ओव्हन रिकामा, खिडकी उघडी ठेवून १८० अंशांवर वीस मिनिटे चालवायचा, म्हणजे जे उरले असेल ते कुणाच्या केकमध्ये न जाता आधीच जळून जाते. हे शेवटचे काम आमच्याकडून झाले नाही. आपण अजून केले नसेल तर आज करा. पहिली दहा मिनिटे पांढरा धूर आणि साबणासारखा उग्र वास येईल, मग कमी होत जाईल. वायर किंवा प्लॅस्टिक जळल्यासारखा वास आला, ठिणगी दिसली किंवा वीस मिनिटांनीही धूर तेवढाच राहिला, तर लगेच प्लग काढा आणि आम्हाला कळवा. तो सफाईचा धूर नव्हे.

सफाईनंतर ओव्हन लावताच घरातला आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडला तरी घाबरू नका, पण पुन्हा पुन्हा चालूही करू नका. रॉडच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. ती ओल ओढून घेते, आणि आत ओल शिरली की थोडा विद्युतप्रवाह बाहेर झिरपतो. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिॲम्पिअरला पडतो. दार उघडे ठेवून ओव्हन दिवसभर कोरडा होऊ द्या. तरीही पडत असेल तर इलेक्ट्रिशियनने रॉड तपासल्याशिवाय वापरू नका. म्हणूनच ओटीजीच्या आत कुठलाही द्रव थेट फवारायचा नसतो. जे काही लावायचे ते फडक्यावर घेऊन.

छताबद्दल. तंदुरी पनीर किंवा चिकन भाजताना तेलाचे बारीक तुषार उडतात आणि वरच्या रॉडच्या मागे बसतात. तापलेल्या पत्र्यावर तेलाचे आधी वार्निश होते, तपकिरी आणि चिकट. तोवर साबण आणि सोडा काम करतो. तोच थर पुन्हा पुन्हा तापला की त्याचा कोळसा होतो, आणि कोळशावर सोड्याचे काही चालत नाही. तो खरवडूनच काढावा लागतो. एनॅमलवर तेही करता येते. चंदेरी पत्र्यावर खरवडले की पत्राच जातो. ओळखायची खूण सोपी: प्लग काढलेल्या, थंड ओव्हनमध्ये लाकडी उलथण्याची कड फिरवा. कड अडली तर तो थर आहे, निघेल. कड सरळ घसरली आणि रंग तेवढा काळा दिसला, तर तो डाग आहे, तिथेच थांबावे. आपल्या छतावर जाड थर होता तो काढला, डाग ठेवला. त्यावर ताज्या तेलाचा थर नसेल तर धूर होत नाही आणि वासही येत नाही.

काचेतले ओघळ दोन काचांच्या मधले आहेत. दाराच्या वरच्या फटीतून तेल किंवा पुसताना गळणारे पाणी आत जाते. काही दारांच्या आतल्या चौकटीला स्क्रू असतात, ते काढले की काच सुटते. काही रिव्हेटने बंद केलेली असतात, ती उघडता येत नाहीत. आपले दार स्क्रूचे आहे. वॉरंटीत असलेल्या ओव्हनचे दार आम्ही मालकाच्या परवानगीशिवाय उघडत नाही, पण ही परवानगी विचारायचीच राहून गेली. स्वतः उघडणार असाल तर प्लग काढा, दार टेबलावर मऊ टॉवेलवर आडवे ठेवा, स्क्रू कुठून कुठले निघाले त्याचा फोटो काढून ठेवा. काचेवर तारेची घासणी नको. टफन केलेल्या काचेवरचा खोल ओरखडा पुढे उष्णतेत काच फुटण्याचे कारण ठरू शकतो.

सोडा-व्हिनेगरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बरेच जण तेच करतात. सोडा अल्कली आहे, म्हणून तो तेलाला ढिला करतो. व्हिनेगर आम्ल आहे. दोन्ही एकत्र केले की जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड. फेस ओसरला की खाली उरते ते पाणी आणि सोडियम ॲसिटेट, त्याला तेल काढण्याची ताकद जवळजवळ नाही. दोघांनी एकमेकांना संपवलेले असते. जो फरक दिसतो तो नंतरच्या घासण्याचा. म्हणून सोडा आधी, एकटा. व्हिनेगर अगदी शेवटी, पांढरे डाग काढायला.

घरी करायचे तर आपल्या ओटीजीसाठी क्रम असा ठेवा. १०० अंशांवर पाच मिनिटे चालवा, प्लग काढा आणि हात लावता येईल इतका कोमट होऊ द्या. जाळी, ट्रे, सळई आणि तळाचा तुकडे पडायचा ट्रे बाहेर काढा. रंगाचा जुना कोरडा ब्रश फिरवून करपलेला चुरा आधी झाडून घ्या. ओल्या फडक्याने सुरुवात केली तर त्याचा चिखल होतो आणि रॉडच्या खाचांत जाऊन बसतो. मग अर्धा लिटर गरम पाण्यात एक छोटा चमचा भांड्यांचा साबण घाला, सुती फडके टपकणार नाही इतके पिळा आणि भिंतीला दहा मिनिटे चिकटवून ठेवा. निम्मे काम इथेच होते. उरलेल्या चिकट्यावरच तीन मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि एक मोठा चमचा पाणी कालवून लावा, लेप श्रीखंडाइतका घट्ट. वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. लाकडी किंवा सिलिकॉनच्या उलथण्याने हळू काढा. रॉड, थर्मोस्टॅटची (तापमान राखणाऱ्या भागाची) बारीक तांब्याची नळी आणि पंखा असेल तर त्याची जाळी, यांना लेप लागू देऊ नका. रॉड फक्त कोरड्या फडक्याने पुसा, त्याच्यावरचे डाग उष्णतेने आपोआप जळतात. दाराभोवतीची पट्टी साबणाच्या पाण्याने अलगद पुसा, चोळू नका.

जाळीसाठी वेगळी रीत. घमेल्यात पाच लिटर गरम पाणी, दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा साबण, दोन-तीन तास भिजत. हातमोजे घाला, धुण्याचा सोडा खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र असतो. ॲल्युमिनियमचा ट्रे या पाण्यात चुकूनही टाकू नका, काळाठिक्कर होईल. कास्टिक सोडा आणि तुंबलेली मोरी उघडायचे दाणे ओटीजीपासून दूरच ठेवा. कास्टिक ॲल्युमिनियम खातो, त्यातून हायड्रोजन वायू निघतो, आणि त्याचे थेंब डोळ्यात गेले तर इजा गंभीर होते.

एक गोष्ट आपल्या फोटोत दिसली म्हणून सांगतो. तळाच्या ट्रेवर पसरलेली ॲल्युमिनियम फॉइल काढा. ती खालच्या रॉडची उष्णता परत फेकते, हवेची वाट अडवते, केक एकसारखा भाजत नाही, आणि रॉडला चिकटली तर वितळते. थेंब झेलायचे असतील तर मधल्या खाचेत, जाळीखाली, एक रिकामा ट्रे ठेवा. पनीर लावताना मुरवणाचा जादा मसाला झटकून घ्या. साखरेचा पाक किंवा फळांचा रस सांडला तर ओव्हन कोमट असतानाच पुसा. थंड झाल्यावर तो दगड होतो.

हिशेब असा: चट्ट्यांचे नुकसान आमचे, म्हणून १२०० पैकी ७०० रुपये आज परत करत आहोत. दार उघडायला आपली परवानगी असेल तर काच विनाशुल्क साफ करून देऊ आणि त्या वेळी रॉडची गळती मीटरने तपासू. परवानगी बुकिंगच्या त्याच संदेशात लिहून कळवा, सोबत ओव्हनचे मॉडेल आणि खरेदीचे वर्ष द्या, म्हणजे दार उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का ते आधी पाहता येईल. व्हिनेगरची चाचणी केल्यावर जे चट्टे राहतील त्यांचा फोटोही पाठवा. चंदेरी पत्र्यासाठी वीस मिनिटांची मर्यादा आजपासून आमच्या कामाच्या यादीत लिहिली आहे, आणि निघण्याआधी ओव्हन रिकामा चालवून ग्राहकासमोर दाखवायचा, हेही.