दाजींनी कंपनीला कर्ज दिलं नव्हतं

आज लग्नात पंगतीला समोर बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "कंपनीच बुडाली म्हटल्यावर कामगारांनी पण जरा झळ सोसायला नको का?" शेजारी आमचे दाजी. मान खाली घालून जेवत राहिले. लग्नघर म्हणून मी गप्प बसले. इथं बसणार नाही.

दाजी सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, भट्टीवर होते. आधी पगार थकले, मग गेटवर नोटीस लागली, तीही इंग्रजीत. माणसांनी मोबाईलवर फोटो काढले आणि घरी जाऊन पोरांकडून वाचून घेतले. अख्खी शिफ्ट घरी.

झळ म्हणे! २०१९ च्या ऑगस्टमध्ये शामरावनगरात आमच्या घरात पुराचं पाणी शिरलं, त्याच दिवशी फौंड्रीतला करंट गेला. करंट गेला तरी भट्टीच्या कॉइलला पाणी फिरतं ठेवावं लागतं, वितळलेलं लोखंड खड्ड्यात ओतून काढावं लागतं. नाहीतर ते आतच गोठतं आणि भट्टी बाद होते. दाजींना सुट्टी होती. तरी आधी तिकडं पळाले. आईबाबांना बोटीतनं बाहेर काढलं तेव्हा कुठं ते पोचले, शर्टाच्या बाह्यांना ठिणग्यांची भोकं पडलेली. ताई अजून बोलून दाखवते.

आणि आता २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात हाच माणूस 'धनको', म्हणजे कंपनीकडं पैसे येणं असलेला एक दावेदार. अहो, त्यांनी कर्ज दिलं नव्हतं, काम केलं होतं! बँकेनं तारण बघून पैसे दिले, व्याज लावलं. दाजींनी कसलं तारण घ्यायचं होतं? कंपनीचं पुढं काय करायचं हे धनकोंची समिती ठरवते, ६६ टक्के मतांनी. त्यात मत बँका, वित्तसंस्था अशा कर्ज देणाऱ्यांना. भट्टी वाचवणाऱ्याला मत नाही.

मान्य, बँकेतला पैसाही आपल्यासारख्यांच्याच ठेवींचा असतो. आणि कंपनी मोडीत काढून मालमत्ता विकली तर कामगारांचा आधीच्या २४ महिन्यांचा थकीत पगार तारणवाल्या बँकांच्या बरोबरीनं धरतात, हेही खरं. पण आधी प्रक्रियेचा खर्च वजा होतो, उरलं तर वाटणी. ऑफिस स्टाफचे बाराच महिने, तेही त्यानंतर. कंत्राटी पोरांचं तर मस्टरवर नावच नाही, ती कुणाकडं जाणार?

सगळ्यात जास्त चीड पीएफची येते. पगारातनं कापला आणि खात्यात भरलाच नाही. तो पैसा मालकाचा नव्हताच कधी. कायदाही पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा फंड वाटणीत धरत नाही. मग कापलेला पैसा गेला कुठं, हे पंगतीत कुणी विचारत नाही. झळ तेवढी कामगारांनी सोसायची.

काल दाजींना विचारलं, त्या दिवशी गेला नसता तर? म्हणाले, "भट्टी गेली असती की. मग पोरांनी काय खाल्लं असतं?" यावर मी काय बोलणार.

असो. रागावून पोट भरत नाही. फौंड्रीतल्या कुणाच्या घरी ही पोस्ट पोचली तर एवढं करा. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत थकीत पगाराचा दावा फॉर्म डी वर भरायचा असतो. सगळ्यांच्या वतीनं एकाच प्रतिनिधीला फॉर्म ई भरता येतो. पगारपावत्या नसतील तर पगार जमा व्हायचा त्या बँक खात्याचा उतारा, ओळखपत्र, पीएफचं पासबुक, जे असेल ते काढून ठेवा. रविवारी सकाळी ताईच्या घरी बसून आपण एकत्र भरू. ज्यांना इंग्रजी फॉर्म भरायची सवय आहे त्यांनी दोन तास द्या, लॅपटॉप असेल तर घेऊन या.