'गावातल्या गावात हेल्मेट कशाला?'

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. दुचाकीचे अपघात होतात ते सुसाट पळवणाऱ्या पोट्ट्यांना; नागपुरात गाडी चाळीसच्या वर जातच नाही, मग हेल्मेट कशाला; उलट त्यानं मान मोडते; आणि मागे बसणाऱ्याला तर गरजच नाही.

पहिलं म्हणणं अर्धं खरं आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यातली सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या अपघातांत. पण तो वेग मेलेल्याचाच होता असं कुठे आहे? मागून उडवणाऱ्या ट्रकचा वेगही त्याच रकान्यात जातो. मेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते, आणि ते सगळे काही स्टंट करत नव्हते. लॉस एंजेलिसमधल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा १९८१ चा हर्ट अहवाल जुना आहे, मुलूखही परका. तरी त्यातली एक गोष्ट इथंही पटते. दुसऱ्या गाडीशी झालेल्या टकरींत दोन तृतीयांश वेळा चूक त्या दुसऱ्या गाडीची होती. बहुतेकदा तिच्या चालकाला दुचाकी दिसलीच नव्हती. वर्धा रोडवर दुभाजकाच्या कटमधून एकदम वळणारी कार ज्यानं पाहिली, त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता चाळीस. या वेगानं गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेककडे हात जाईपर्यंत तेवढं अंतर गेलेलं असतं, थांबायला आणखी दहाएक मीटर लागतात. आणि वेग शून्य असला तरी दीड मीटरवरून पडणारं डोकं ताशी जवळपास २० किलोमीटरनं आपल्या सिमेंट रोडवर आदळतं.

मान मोडते हे साफ खोटं. हर्ट अहवालात हेल्मेटवाल्यांना मानेच्या जखमा कमीच आढळल्या. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या कोक्रेन आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी दिसला. मे महिन्यात जीव उकडतो, हे मला मान्य आहे. आत पातळ सुती रुमाल बांधा. जाड दुपट्ट्यावर हेल्मेट नीट बसत नाही.

मागे बसणाऱ्याचं म्हणाल, तर २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले १४,३३७ सहप्रवासी मेले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ची हेल्मेटसक्ती चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू आहे.

माझी आई बाबांच्या मागे बसून सक्करदऱ्याहून येत होती. वेग विसाच्या आसपास. उभ्या कारचं दार उघडलं. बाबांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, त्यांना खरचटलं. आईला आठ महिने झाले, डाव्या कानानं ऐकू येत नाही.