“सगळं दूरदर्शनकडे आहे, घरातल्या कॅसेटी टाका” म्हणणाऱ्या मजकुराबद्दल

मंगळवारी दुपारी आत्याचा फोन आला. भंगारवाला दारात उभा होता आणि काकांनी भरून ठेवलेल्या व्हिडिओ कॅसेटींचे दोन खोके त्याच्या काट्यावर चढायच्या बेतात होते. “अगं, दूरदर्शनकडे सगळं आहे म्हणे. वाहिनीवर फुकट दिसतं. मग हा पसारा कशाला ठेवायचा?” मी म्हटलं, “आत्या, त्याला परत पाठव, मी संध्याकाळी येते.” खोके वाचले. पण तिने ज्याच्यावर विश्वास ठेवला तो मजकूर आमच्या नात्यातल्या तीन ग्रुपवर फिरलाय. ज्यांनी असा फोन कोणाला केला नाही त्यांचे खोके गेलेही असतील.

मजकूर थोडक्यात असा आहे. दूरदर्शनची डीडी रेट्रो ही जगातली पहिली जुन्या मालिकांची वाहिनी. ‘रामायण’ने 7.7 कोटी प्रेक्षक मिळवून जगातले सगळे विक्रम मोडले. 1987 मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ चालू असताना देशात एकही गुन्हा घडत नसे. तेव्हा जाहिराती नव्हत्या, पैशाचा हव्यास नव्हता, फक्त संस्कार होते. आणि दूरदर्शनने एकूण एक कार्यक्रम जिवापाड जपलाय, म्हणून घरातल्या जुन्या कॅसेटी काढून टाका, सगळं वाहिनीवर दिसेल. अभिमान वाटला तर पुढे पाठवा.

मी शेवटापासून सुरुवात करते, कारण नुकसान ते वाक्य करतंय.

एकूण एक कार्यक्रम जपलाय, याला पुरावा म्हणून ‘रामायण’ पुढे केलंय. मग तेच बघू. 24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, लोकांनी जुन्या मालिका दाखवा म्हणून मागणी लावून धरली, आणि 28 मार्चला सकाळी नऊ वाजता डीडी नॅशनलवर पहिला भाग लागला. आता कोणालाही वाटेल की दूरदर्शनने आपलं कपाट उघडलं आणि टेप लावली. तसं झालं नाही. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी शशी शेखर वेंपती यांनी ट्विटरवर विचारणाऱ्यांना सरळ उत्तर दिलं होतं, की हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याशी बोलणं चालू आहे. ते हक्क होते रामानंद सागर यांच्या कुटुंबाकडे. म्हणजे ज्या मालिकेवरून दूरदर्शनच्या जपणुकीचे गोडवे गायले जातायत, तीच मालिका दाखवायला दूरदर्शनला दुसऱ्याच्या दारात जावं लागलं.

यात दूरदर्शनचा कमीपणा काढायचा नाहीये. त्या काळची व्यवस्थाच तशी होती. प्रायोजित मालिका निर्माता आपल्या खर्चाने करायचा, दूरदर्शन प्रक्षेपणाची वेळ द्यायचं आणि निर्मात्याला जाहिरातींसाठी काही सेकंद मिळायचे. मालिका निर्मात्याच्या घरची मिळकत. म्हणून त्याने ती सांभाळली. ‘रामायण’च्या कॅसेटी निघाल्या, पुढे सीडी निघाल्या, आणि 2020 च्या मे महिन्यात स्टार प्लसनेही ती मालिका दाखवली. विकता येणारी वस्तू कोणी पुसत नाही.

आता ज्या कार्यक्रमांना असा धनी नव्हता त्यांचा विचार करा. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. ‘गजरा’, ‘किलबिल’, ‘ज्ञानदीप’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती, आमची माणसं’ हे त्या केंद्राने स्वतः केलेले कार्यक्रम. सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळ गोष्टी थेट प्रक्षेपित व्हायच्या. निवेदिका बोलली, कलाकार गायला, विषय संपला. जे टेपवर जायचं ती टेप परदेशातून यायची, महाग असायची, आणि टेप महाग असली की एकदा दाखवून झालेलं पुसून त्यावर नवं घ्यायचं, ही जगभरची रीत होती. पुसणाऱ्याच्या मनात काही वाईट नसायचं. पुढे कधी तरी हे कार्यक्रम पुन्हा बघायला माणसं आसुसतील हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

रीत जगभरची होती म्हणजे काय, ते बीबीसीच्या उदाहरणावरून कळेल. याची नोंद चांगली झालीय म्हणून तेच घेते. ‘डॉक्टर हू’ ही त्यांची 1963 पासूनची लाडकी मालिका. 1967 ते 1978 या काळात बीबीसीने तिच्या शेकडो फिती पुसल्या किंवा टाकल्या. आजही 90 हून जास्त भाग सापडलेले नाहीत. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेची ही गत. मग जे परत मिळालं ते कुठून मिळालं? 2013 मध्ये नऊ भाग नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका प्रक्षेपण केंद्रात सापडले, परदेशी विकलेल्या फिल्मच्या प्रती तिथे पडून राहिल्या होत्या म्हणून. काही भाग खासगी संग्राहकांकडून आले. आणि या गहाळ भागांपैकी प्रत्येकाचा आवाज आज उपलब्ध आहे, तो कशामुळे? त्या काळी काही पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घरच्या घरी आवाज भरून घ्यायची. संस्थेने टाकलं ते घरच्या माळ्यावर उरलं. हे एवढं एकच उदाहरण “पसारा काढून टाका” या सल्ल्याला पुरेसं आहे.

जुन्या कार्यक्रमांची वाहिनी म्हणजे जे उरलं त्याची वाहिनी. जे दिसतंय ते बघून “सगळं आहे” म्हणणं म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनाला आलेले मोजून वर्गातले सगळे हयात आहेत म्हणण्यासारखं आहे.

पुसलं कसं जातं हे कळायला फार लांब जायला नको. संध्याकाळी मी आत्याकडे गेले, शेजाऱ्यांचा चालू स्थितीतला व्हीसीआर आणला आणि आम्ही एकेक कॅसेट लावायला बसलो. एकीवर काकांच्या अक्षरात “मुंज” लिहिलेलं. व्हीएचएस कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी जीभ असते. ती मोडली की त्यावर पुन्हा काही भरता येत नाही. मुंजीचं चित्रण करणाऱ्याने ती नीट मोडून दिलेली होती. पण त्या खाचेवर काकांनीच चिकटपट्टी लावली होती, म्हणजे कॅसेट परत भरता येते. कॅसेट सुरू केली तर वानखेडे स्टेडियम, 1987 च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना, ग्रॅहम गूच गुडघ्यावर बसून स्वीप मारतोय. सामना संपेपर्यंत आम्ही पुढे पुढे पळवत गेलो. मग पडद्यावर मुंग्या आल्या आणि अचानक माझा आतेभाऊ दिसला, लंगोटी, हातात दंड, भिक्षावळ चालू. चार मिनिटं. मुंजीचं तेवढंच शिल्लक आहे. त्या चार मिनिटांत आजी दिसते, तिचा चालताबोलता असा दुसरा तुकडा आमच्याकडे नाही. काकांचं मुलावर प्रेम नव्हतं असं थोडंच आहे? त्या दिवशी घरात कोरी कॅसेट नव्हती, एवढंच.

दुसरं असं, की जिथे मूळ कार्यक्रम शाबूत आहे तिथेही घरच्या कॅसेटवर वेगळं काही असतं. वाहिनीवर आज जो भाग लागतो तो धुऊन पुसून, फक्त मालिका म्हणून लागतो. घरच्या कॅसेटवर आधी निवेदिका येते, पुढचे कार्यक्रम सांगते, जाहिराती येतात, मधेच चित्र जातं आणि “व्यत्ययाबद्दल क्षमस्व”ची पाटी लागते. ते दिवस कसे होते हे त्या कॅसेटवर असतं.

अर्धं खरं आहे ते मान्य करते, नाहीतर माझ्यावरही तोच आरोप येईल. अलीकडे प्रसार भारतीने जुन्या साठ्याचं डिजिटायझेशन केलंय, यूट्यूबवर कितीतरी मुलाखती आणि मैफली टाकल्यात, सह्याद्रीच्या जुन्या मराठी कार्यक्रमांपैकीही काही तिथे सापडतात. हे काम मोलाचं आहे. पण “काही” आणि “एकूण एक” यांत जे अंतर आहे ते भंगारवाल्याच्या काट्यावर जातंय.

आता बाकीचं भराभर.

जागतिक विक्रम. 16 एप्रिल 2020 ला 7.7 कोटी लोकांनी ‘रामायण’ पाहिलं आणि ती जगातली सर्वाधिक पाहिलेली मनोरंजन मालिका ठरली, हे दूरदर्शनने स्वतःच जाहीर केलं होतं, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला यात त्यांची चूक नाही. पण ‘मिंट’ या वृत्तपत्राने लगेच पडताळणी करून दाखवलं होतं की अमेरिकेत ‘मॅश’ या मालिकेचा शेवटचा भाग 28 फेब्रुवारी 1983 ला सुमारे 10.6 कोटी लोकांनी पाहिला होता. 10.6 हा आकडा 7.7 पेक्षा मोठा आहे, इथे वाद संपतो. त्या आठवड्यांत दूरदर्शन देशातल्या सगळ्या खासगी वाहिन्यांच्या पुढे गेलं होतं, ही गोष्ट खरी आहे आणि पुरेशी मोठी आहे. तिला खोट्या विक्रमाची टोपी घालायची गरज काय?

जगातली पहिली वाहिनी. डीडी रेट्रो 13 एप्रिल 2020 ला सुरू झाली. इंग्लंडमध्ये यूके गोल्ड ही वाहिनी बीबीसी आणि थेम्स टेलिव्हिजनच्या जुन्या कार्यक्रमांवर 1 नोव्हेंबर 1992 ला सुरू झाली होती. अमेरिकेत निक ॲट नाइट 1985 पासून रात्री जुन्या मालिका दाखवत होतं. आपल्याकडेही स्टार उत्सव 2004 पासून स्टार प्लसच्या मालिका पुन्हा दाखवत आलंय. पहिली नाही म्हणून डीडी रेट्रो वाईट ठरत नाही. टाळेबंदीत घरात अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांना तिने केवढा आधार दिला ते मी आत्याकडेच पाहिलंय.

जाहिराती नव्हत्या. ‘हम लोग’ 7 जुलै 1984 ला सुरू झाली आणि तिच्याबरोबरच मॅगी नूडल्स घराघरांत पोचली, कारण मॅगीवाली कंपनीच प्रायोजक होती. ज्यांनी ती मालिका पाहिली त्यांना “दोन मिनिटं” आठवत नसेल तर नवल. आणि त्या मालिकेमागे विचार होता तोही आपोआप आलेल्या संस्कारांचा नव्हता. माहिती व नभोवाणी मंत्री असलेले वसंत साठे, आपल्या वर्ध्याचे खासदार, मेक्सिकोत जाऊन आले होते. तिथे मिगेल साबिदो हे निर्माते मालिकांमधून कुटुंबनियोजनासारखे विषय लोकांच्या गळी उतरवत होते, ते साठ्यांनी पाहिलं आणि इथे तसं काही करायचं ठरलं. कोणी तरी विचार केला, अभ्यास केला, मनोहर श्याम जोशींसारख्या लेखकाला बसवलं, तेव्हा ते घडलं. “तो काळच चांगला होता” म्हणताना या माणसांचं श्रेय आपण काळाच्या खात्यात टाकतो. जयश्री गडकर, बाळ धुरी, संजय जोग, ललिता पवार या आपल्या मराठी नटमंडळींनी ‘रामायण’मध्ये जे काम केलं तेही कसलेल्या व्यावसायिकांचं काम होतं.

एकही गुन्हा नाही. रस्ते ओस पडायचे, टीव्हीला हार घातला जायचा, उदबत्ती लागायची, हे सगळं खरं. गुन्ह्यांचं वाक्य मात्र कोणत्याही आकड्याशिवाय फिरतंय. त्यावर आणखी वेळ घालवत नाही.

ज्यांच्याकडे कॅसेटी आहेत त्यांच्यासाठी. कॅसेटी आडव्या रचू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. पूर्ण गुंडाळून ठेवा. स्पीकरजवळ नको, ओल येणाऱ्या भिंतीला लागून नको. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुरी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, फीतही जाईल आणि व्हीसीआरमधला फीत वाचणारा भाग, म्हणजे हेडही खराब होईल. ती साफ करून डिजिटल प्रत उतरवून देणाऱ्याकडेच द्या. आणि लेबल कितीही फुटकळ वाटलं तरी आत काय आहे ते बघितल्याशिवाय टाकू नका.

आत्याच्या खोक्यांतल्या एकतीस कॅसेटींपैकी सहांना बुरशी आहे. त्यातल्या एकीवर काकांनी लिहिलंय, “दिवाळी कविसंमेलन, मुंबई दूरदर्शन, 88. पुसू नये.” ती आम्ही लावली नाही. आत्याने ती वेगळी काढून जुन्या साडीच्या मऊ तुकड्यात गुंडाळली आहे, आणि शनिवारी आम्ही दोघी ती घेऊन दादरला जाणार आहोत.